हालाँग बे पहिल्यांदाच बघायला जाताय? गुहा, भरती आणि दगडातल्या गोष्टी, सगळं क्रमाने सांगते

व्हिएतनामला जाणारी आपली माणसं गेल्या काही वर्षांत इतकी वाढलीयत की दर महिना-दोन महिन्यांनी कुणाचा तरी मेसेज येतोच, तू हालाँग बेला जाऊन आलीस ना, मग सांग काय करू, कुठली क्रूझ घेऊ, एक दिवस पुरेल का. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. मी दोनदा गेलेय. पहिल्यांदा 2019 च्या नोव्हेंबरमध्ये ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर हॅनोईहून एका दिवसात जाऊन-येऊन, आणि दुसऱ्यांदा 2024 च्या मार्चमध्ये आईला घेऊन, बोटीवर दोन रात्री राहून. पहिल्या वेळी फोटो भरपूर आले पण खरं सांगायचं तर काहीच बघितलं नव्हतं, ते दुसऱ्या खेपेला कळलं. का, ते पुढे येईलच.

आधी हे आहे तरी काय ते थोडक्यात. व्हिएतनामच्या उत्तरेला टाँकिनच्या आखातात क्वांग निन्ह प्रांतात ही खाडी आहे, क्षेत्र साधारण 1553 चौरस किलोमीटर, आणि त्यात तिथल्या मोजणीप्रमाणे 1969 बेटं, बहुतेक सगळी चुनखडीची, सरळसोट पाण्यातून वर आलेली, डोक्यावर झाडी. युनेस्कोने 1994 मध्ये आधी सौंदर्यासाठी यादीत घेतलं, मग 2000 साली भूगर्भाच्या महत्त्वासाठी पुन्हा, आणि 2023 मध्ये शेजारचा कात बा बेटांचा समूहही त्याला जोडला. हे शेवटचं लक्षात ठेवा, बुकिंग करताना कामाला येतं.

आमचं गाव दापोलीजवळ, त्यामुळे समुद्र मला काही नवा नाही. पण आपल्याकडे किनाऱ्याला काळा कातळ नाहीतर जांभा, त्यात समुद्र कपारी करतो, पण आत शिरून मोठमोठे महाल करत नाही. चुनखडीचं तसं नाही. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि ते दगडाच्या भेगांतून झिरपत झिरपत तो दगडच विरघळवत जातं. हालाँगचा दगड तीस कोटी वर्षांच्या आसपासचा आहे, आणि हे डोंगर आधी जमिनीवरच होते, हिमयुग संपल्यावर समुद्र वर चढला आणि दऱ्या बुडाल्या, माथे तेवढे बेटं म्हणून उरले. म्हणजे आपण ज्या गुहेत पायऱ्या चढून जातो ती समुद्राने नाही, पावसाने आणि भूजलाने कोरलेली असते. समुद्राने कोरलेल्या वेगळ्या, त्या पाण्याच्या पातळीला असतात आणि त्यात होडीनेच जावं लागतं. दोन्ही बघा, हा माझा पहिला आग्रह.

पहिलं काम: कधी जायचं

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्चचा शेवट ते एप्रिल, हे दोन काळ चांगले. डिसेंबर ते फेब्रुवारी तिथे चक्क थंडी असते, 15-16 डिग्रीच्या आसपास आणि वर धुकं, बारीक रिपरिप. आपल्या डोक्यात व्हिएतनाम म्हणजे उकाडा असं असतं, तो दक्षिणेला, हॅनोई-हालाँगला हिवाळा आहे, स्वेटर लागतो. आम्ही मार्चअखेर गेलो तेव्हाही सकाळी दहापर्यंत धुकं हलत नव्हतं. पण मला विचाराल तर धुक्यात हालाँग जास्तच सुंदर दिसतं, एकामागे एक डोंगर फिके फिके होत जातात, आणि गुहेत काय, आत तर सगळं सारखंच.

जून ते सप्टेंबर मात्र वादळांचे दिवस. 2024 च्या सप्टेंबरमध्ये यागी वादळाने त्या भागाची फार नासधूस केली, आणि 2025 च्या जुलैमध्ये भर दुपारी अचानक आलेल्या तुफानात एक पर्यटकांची बोट उलटून तीसहून जास्त माणसं गेली. घाबरवायला सांगत नाहीये. बंदरावरून बोटी बंद केल्या तर एजंटशी भांडू नका, पैसे परत घ्या किंवा तारीख बदला, आणि लाइफ जॅकेट केबिनमध्ये कुठे ठेवलंय ते बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या बघा. शक्य असेल तर उन्हाळी सुट्टीतली ट्रिप मे संपायच्या आत करा.

व्हिसा आणि पैसे, हे पटकन

भारतीय पासपोर्टला ई-व्हिसा मिळतो, 90 दिवसांपर्यंतचा, एकदाच प्रवेश असेल तर 25 डॉलर, अनेकदा असेल तर 50. तिथल्या सरकारच्या साइटवरूनच भरा, सारख्या दिसणाऱ्या खासगी साइट्स बऱ्याच आहेत आणि त्या दुप्पट-तिप्पट घेतात. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच. फी परत मिळत नाही म्हणून सबमिट करायच्या आधी एकदा दुसऱ्या कुणालातरी वाचायला द्या, आईच्या फॉर्ममध्ये जन्मतारखेचा महिना माझ्याकडून उलटा पडला होता, भावाने पकडला. दोन आठवडे तरी आधी करा.

पैशांचं म्हणाल तर एका रुपयाला साधारण 300 डाँग पडतात, त्यामुळे शून्यांनी गोंधळ होतो. त्यात 20 हजारांची नोट आणि 5 लाखांची नोट दोन्ही निळ्या. पाकिटात वेगवेगळ्या कप्प्यात ठेवा, एवढं ऐका. आणि 2 लाखांची तांबूस नोट हातात आली की तिची मागची बाजू बघा, पाण्यात उभा असलेला एक छोटा दगड दिसेल, ते हालाँगमधलं धूपदाणीचं बेट. तो दगड खऱ्यात शोधायचा, हा आईचा बोटीवरचा पहिल्या दिवसाचा उद्योग होता, आणि सापडल्यावर तिने नोट समोर धरून तिथल्या वेटरला दाखवली तर त्याला तिच्यापेक्षा जास्त आनंद झाला.

दुसरं काम: किती दिवस आणि कुठली खाडी

इथेच बहुतेकांचं चुकतं, माझंही चुकलं. हॅनोईहून डे ट्रिप मिळते, स्वस्त असते, तीन-पाच हजार रुपयांत होते. पण हिशोब करा. जाताना अडीच तास बस, येताना अडीच तास, मधे जेवण, आणि पाण्यावर मिळतात चार-पाच तास, त्यात दुपारची वेळ म्हणजे सगळ्या बोटी एकाच वेळी एकाच गुहेपाशी. 2019 ला आम्ही सुंग सोट गुहेत शिरलो तेव्हा पुढच्या माणसाच्या पाठीवरची सॅक सोडून मला फार काही दिसलं नव्हतं, गाईड झेंडा वर धरून पळत होता आणि आम्ही त्याच्यामागे.

म्हणून निदान एक रात्र बोटीवर. मी पाहिलं तेव्हा बऱ्यापैकी बोटीत एका रात्रीचे माणशी साधारण 10 ते 20 हजार रुपये पडत होते, त्यात जेवण, तिकिटं, कयाक (वल्हवायची छोटी होडी) सगळं आलं. बोट हलत नाही का, उलट्या होतील का, हा प्रश्न आपल्याकडच्या सगळ्या काकू विचारतात. नाही होत सहसा. बेटांची इतकी दाटी आहे की मोठी लाट आत येतच नाही, रात्री नांगर टाकल्यावर तर आपण तळ्यात आहोत असं वाटतं. दोन रात्री मिळाल्या तर सोनंच, कारण दुसऱ्या दिवशी एक छोटी बोट तुम्हाला दूरच्या बाजूला घेऊन जाते जिथे गर्दी पोचत नाही.

आता खाडी कुठली. क्रूझ विकताना सगळे ‘हालाँग’ म्हणतात पण प्रत्यक्षात तीन वेगळे भाग आहेत. मुख्य हालाँग, जिथे प्रसिद्ध गुहा आणि गोष्टी आहेत. ईशान्येला बाई तू लाँग, शांत, मासेमारी गावं, गुहा थोड्या लहान. आणि दक्षिणेला कात बा बेटाला लागून लान हा, ती खरं तर हायफाँगच्या हद्दीत, चारशेच्या आसपास बेटं, पाणी जास्त स्वच्छ, कयाकसाठी उत्तम. तिन्ही चांगल्याच. पण सुंग सोट गुहा आणि ‘ती टॉप’ नावाचं बेट बघायचं डोक्यात धरून तुम्ही लान हाची क्रूझ घेतलीत तर ते दिसणारच नाही. माझ्या मावसबहिणीचं असंच झालं, एजंटने फोनवर हो हो म्हटलं आणि बोट निघाली दुसऱ्याच बाजूला. म्हणून बुकिंगच्या आधी लेखी विचारा: कुठल्या बंदरातून निघणार, कुठल्या गुहांची नावं आहेत, आणि गुहेत किती वाजता पोचणार. तुआन चाऊ किंवा बाई चायचं बंदर असेल तर बहुतेक करून मुख्य हालाँग किंवा बाई तू लाँग, कात बाच्या बाजूचं असेल तर लान हा. पण बंदरावरून अंदाज बांधण्यापेक्षा गुहांची नावं मागा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मुख्य हालाँगच घ्यावं असं माझं मत. गर्दी असली तरी गोष्टी तिथेच आहेत.

तिसरं काम: गोष्टी निघायच्या आधीच वाचून ठेवा

हे मी अगदी मनापासून सांगतेय. बोटीवरचा गाईड सांगतो, पण इंजिनाच्या आवाजात, घाईत, आणि अर्धं कळत नाही. गोष्ट माहीत नसेल तर दगड दगडच दिसतो.

हा लाँग म्हणजे खाली उतरणारा ड्रॅगन. देश नवा होता तेव्हा समुद्रातून शत्रू चालून आला, तेव्हा स्वर्गातल्या राजाने एक ड्रॅगन आई आणि तिची पिल्लं मदतीला पाठवली. त्यांनी तोंडातून मोती आणि पाचूचे खडे फेकले, ते पाण्यात पडून क्षणात बेटं झाली आणि शत्रूची गलबतं त्यावर आपटून फुटली. लढाई संपली तरी ड्रॅगनना ही जागा इतकी आवडली की परत गेलेच नाहीत. आई उतरली ते हालाँग, पिल्लं आईसमोर नमली ते बाई तू लाँग, आणि त्यांच्या शेपट्यांनी पाणी घुसळून पांढरं झालं ते बाख लाँग वी. नकाशा उघडून बघा, ही तिन्ही नावं सापडतील. तिकडे ड्रॅगन दुष्ट नसतो बरं का, पाऊस आणणारा, राखण करणारा असतो, लोक स्वतःला ड्रॅगन राजा आणि परीची लेकरं मानतात. आपल्याकडे वारुळाला दूध ठेवणारी माणसं आहेत, त्यांना हे समजायला जड जाऊ नये.

दुसरी गोष्ट त्रिन्ह नू गुहेची, म्हणजे कुमारिकेची गुहा. कोळ्याची देखणी पोर, बाप सावकाराच्या कर्जात, सावकाराने पोरीलाच उचलायचं ठरवलं. तिचं एका कोळ्याच्या पोरावर मन होतं, ती काही केल्या तयार होईना, म्हणून तिला एका ओसाड बेटावर नेऊन टाकलं. उपाशी, थकलेली, एका पावसाच्या रात्री ती तिथेच दगड झाली. त्याच रात्री तो होडी घेऊन तिला शोधत निघाला होता, वादळात होडी फुटली, समोरच्या बेटावर लागला, विजेच्या उजेडात ती दिसली पण आवाज पोचेना, म्हणून दगडाने कडा ठोकत राहिला, हात रक्ताने भरेपर्यंत, आणि तोही दगड झाला. त्रिन्ह नूमध्ये आजही एक दगड केस मोकळे सोडून आडवी झोपलेल्या बाईसारखा आहे, तोंड समुद्राकडे, आणि समोरच्या बेटातल्या गुहेला पुरुषाची गुहा म्हणतात. तुमची क्रूझ तिथे थांबेल असं नाही, बऱ्याच थांबत नाहीत, पण जवळून जाते का ते विचारा. आईला ही गोष्ट विमानातच सांगितली होती. बोट त्या दोन बेटांच्या मधून गेली तेव्हा ती कठड्याला धरून उभी राहिली आणि बराच वेळ बोलली नाही. कर्जापायी पोर देणं हे तिच्या आजीच्या काळापर्यंत आपल्याकडेही ऐकू यायचं.

तिसरी खरं तर इतिहासच आहे. दाऊ गो म्हणजे लाकडाच्या खुंट्यांची गुहा. 1288 मध्ये मंगोलांची नौसेना व्हिएतनामवर आली तेव्हा सेनापती त्रान हुंग दाओने बाख डांग नदीच्या तळात लोखंडी टोकं बसवलेले ओंडके रोवले. भरतीला ते पाण्याखाली दिसेनासे, छोट्या होड्यांनी मंगोलांना आत ओढून आणलं, आणि ओहोटी लागल्यावर मोठी जहाजं त्या खुंट्यांवर अडकली. ते ओंडके आधी या गुहेत साठवले होते असं लोक सांगतात. हीच युक्ती त्याच नदीत 938 मध्ये न्गो क्विएनने चिनी आरमारावर केली होती. साडेतीनशे वर्षांनी तोच डाव लागू पडतो म्हणजे त्या पाण्यातच काहीतरी खास असणार ना? आहे.

चौथं काम: भरती समजून घ्या

हे कुठल्या एजंटने सांगितलं नाही, मला तिथल्या होडीवाल्या बाईमुळे कळलं आणि मग मी शोधून वाचलं. आपल्याकडे दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. तिथे बहुतेक दिवस एकच भरती आणि एकच ओहोटी! टाँकिनच्या आखाताचा आकार आणि खोलीच अशी की दिवसाला एकदा येणारी लहर तिथे बळावते आणि दोनदा येणारी मरते. त्यामुळे एकदा पाणी ओसरायला लागलं की अर्धा दिवस ओसरतच राहतं, आणि मोठ्या दिवसांत फरक साडेतीन-चार मीटरपर्यंत जातो. आता त्या जहाजांचा विचार करा, सहा तासांत पाणी परत येईल ही आशाच नाही.

आणखी एक. आपण कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो, पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. हालाँगला यातलं काहीच चालत नाही. तिथलं उधाण चंद्र विषुववृत्ताच्या सर्वांत उत्तरेला किंवा दक्षिणेला गेला की येतं, आणि चंद्र विषुववृत्तावर असला की पाणी जेमतेम हलतं. आई जायच्या आधी कालनिर्णय बघून म्हणाली होती की आपण जातोय तेव्हा पौर्णिमा आहे, पाणी चढलेलं असेल. तिथे जाऊन बघतो तर तसलं काही नव्हतंच.

याचा पर्यटकाला उपयोग काय? मोठा आहे. हांग लुओन नावाची गुहा, खरं तर बोगदा, बो होन बेटाच्या पोटातून आरपार जातो आणि पलीकडे चारी बाजूंनी कडे असलेलं गोल, बंद तळं आहे. तिथे कयाकने किंवा बांबूच्या होडीने जातात. पाणी खाली असेल तर कमान उंच, डोक्यावर भरपूर जागा, आरामात वल्हवत जा. भरपूर चढलं असेल तर कमान बुटकी होते, वाकावं लागतं, फारच चढलं तर होड्या सोडत नाहीत. म्हणून क्रूझच्या माणसाला पहिल्याच संध्याकाळी विचारा की उद्या भरती किती वाजता आहे आणि लुओन कधी करणार. त्यांच्याकडे तक्ता असतो, विचारलं की लगेच सांगतात. विचारत मात्र कुणी नाही.

आणि तक्ता नसेल तरी दगड बघा. आमची होडी एक पन्नाशीची बाई वल्हवत होती, डोक्याला शंकूसारखी पानांची टोपी, तोंडावर रुमाल, एक पाय पुढे टाकून उभ्याने दोन वल्ही मारणारी. तिला आमची भाषा नाही, आम्हाला तिची नाही. तोंडापाशी आल्यावर तिने वल्हं थांबवलं आणि कड्याकडे बोट दाखवलं. पाण्याच्या वर साधारण पुरुषभर उंचीपर्यंत दगड ओला, काळपट, आणि त्याला चिकटलेले पांढरे-करडे धारदार तुकडे, त्याच्यावर एकदम कोरडा राखाडी दगड. आई म्हणाली, “अगं, ही तर आपली कालवं!” आणि खरंच कालवंच ती, हर्णैच्या खडकांवर बायका कोयती घेऊन फोडतात तशीच. त्या बाईने हात वर नेऊन कालवांच्या वरच्या रेघेला टेकवला आणि मग दोन्ही हातांनी वरून खाली पाणी येत असल्यासारखं दाखवलं. म्हणजे भरतीला इथपर्यंत येतं. आईने मान डोलावली, हातानेच कालव फोडून खाल्ल्याची खूण केली, आणि दोघी हसायला लागल्या. तिथून पुढे बोगदाभर त्या बाईने मला काही दाखवलं नाही, सगळं आईलाच दाखवत होती.

अजून एक तिथेच बघून घ्या. पाण्याच्या पातळीला सगळ्या बेटांच्या पायाशी एक खोबण आत गेलेली असते, जणू कुणीतरी बुंध्याला कुऱ्हाड घातलीय. तो समुद्राने खाल्लेला भाग. बेटं त्यामुळे बुडाशी बारीक दिसतात. आत तळ्यात गेलात की आवाज करू नका, इंजिन नसल्यामुळे तिथे फक्त वल्ह्याचं पाणी गळतं ते ऐकू येतं, कधी कड्यावर माकडं दिसतात.

पाचवं काम: सुंग सोट आणि ती टॉप, कसं बघायचं

सुंग सोट म्हणजे थक्क करणारी, हे नाव फ्रेंचांनी दिलेल्या नावाचंच भाषांतर. बंदराच्या धक्क्यापासून पायऱ्या चढून तोंडाशी, मग पहिलं दालन, मग एका अरुंद वाटेने दुसरं, आणि ते दुसरं इतकं मोठं की आपोआप थांबायला होतं. एकूण सुमारे 10 हजार चौरस मीटरची गुहा आहे. आत दगडी फरसबंदी वाट, दिवे. पायऱ्या ओल्या असतात, चप्पल घालून जाऊ नका, पकड असलेले बूट हवेत. आईचे गुडघे बरे नाहीत तरी तिने केलं, मधे बसत बसत, पाऊण तास धरा. लवणस्तंभांना हात लावू नका, आपल्या हाताचं तेल लागलं की त्या जागी चुना धरत नाही आणि स्तंभ काळा पडत जातो, वाटेच्या कडेचे काही आधीच तसे झालेत, बघून वाईट वाटतं.

वाटेत एका ठिकाणी घोडा आणि लांब तलवारीसारखा दगड दाखवतात. ती थान्ह जिओंगची, व्हिएतनामच्या त्या वीर पोराची गोष्ट, शत्रूला हरवल्यावर त्याने इथल्या राक्षसांनाही हाकललं आणि स्वर्गात जाताना घोडा आणि तलवार मागे ठेवली, राखणीला. आपल्याकडे गावाच्या वेशीवर घोडा वाहतात, ते आठवलं.

वेळ मात्र सकाळी लवकरची किंवा दुपारी तीननंतरची साधा. बोटीवर राहिल्याचा फायदा हाच, डे ट्रिपच्या बोटी हॅनोईहून यायच्या आत तुम्ही आत असता. दुसऱ्या खेपेला दहा मिनिटं त्या मोठ्या दालनात आम्ही दोघी आणि एक फ्रेंच जोडपं, बस्स.

ती टॉप हे चंद्रकोरीच्या पुळणीचं छोटं बेट. नाव रशियन अंतराळवीर गेरमान तितोववरून, 1962 मध्ये तो हो ची मिन्ह यांच्याबरोबर इथे आला होता. वर जायला चारशेच्या वर पायऱ्या, रेलिंग आहे, आणि वरून खाडी दिसते ती सगळ्या फोटोंत असते तीच. ज्यांना चढायचं नाही त्यांनी खाली वाळूत बसावं, आई तशीच बसली नारळपाणी घेऊन. पोहायचं तर इथे, बोटीवरून उडी मारून नाही, तिथे बाकीच्या बोटींची ये-जा असते.

थिएन कुंग आणि दाऊ गो या दोन गुहा किनाऱ्याजवळच्या बेटावर आहेत, त्या बऱ्याचदा छोट्या डे क्रूझच्या मार्गात येतात. थिएन कुंगमध्ये ड्रॅगन राजपुत्राचं लग्न सात दिवस सात रात्री चाललं म्हणे, पाहुणे म्हणून आलेले प्राणी सगळे दगड होऊन तिथेच आहेत. रंगीत दिवे जरा जास्त लावलेत, मला नाही आवडले. दाऊ गो मात्र साधी, मोठ्या कमानीची, बाहेरचा उजेड आत येतो, शेवाळ आहे. तोंडापाशी एक शिलालेख आहे, व्हिएतनामचा सम्राट खाई दिन्ह इथे आला होता तेव्हाचा.

खाणं आणि सामान

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्या आणि बोटीवर पुन्हा सांगा, ‘तोय आन चाय’, म्हणजे मी शाकाहारी खाते. त्यांचा चाय म्हणजे आपला चहा नाही, हे लक्षात ठेवा. तरीही ‘न्युओक माम’, माशाचं पाणी, आपण मीठ घालतो तसं सगळ्यात घालतात, भाजीतसुद्धा, ते वेगळं सांगावं लागतं. आईने मेतकूट आणि भाजके पोहे नेले होते, एकदाच लागले. मासे खाणाऱ्यांनी ‘चा मुक’ सोडू नका, माकुल कुटून केलेली तळलेली वडी, हालाँगचीच खासियत.

सोबत पाण्याची आपली बाटली घ्या, 2019 पासून खाडीवर एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक बंद केलंय आणि बोटीवर पाणी भरून मिळतं. कयाकसाठी फोनला वॉटरप्रूफ पाऊच, एक विंडचीटर, ओडोमॉस. मोठी बॅग हॅनोईच्या हॉटेलवर ठेवून या, ठेवतात ते.

निघताना

2018 पासून हायफाँगमार्गे नवा एक्सप्रेसवे झालाय, त्यामुळेच अडीच तासांत होतं, आधी चार लागायचे. परतीच्या बसमध्ये सगळे झोपतात, तुम्ही पहिला अर्धा-पाऊण तास झोपू नका. हालाँग सोडल्यावर हायफाँगच्या अलीकडे केबलवर टांगलेला एक मोठा पूल लागतो, तो बाख डांग पूल, आणि खालची गढूळ, रुंद नदी म्हणजे तीच, 1288 ची. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती आणि काठाचा चिखल लांबपर्यंत उघडा पडला होता. पूल दोन-तीन मिनिटांत संपतो, म्हणून बसमध्ये चढतानाच खिडकीची जागा धरा.